रायझरमधला लोंढा कसा आवरावा: समुद्रातील प्लॅटफॉर्मवर नव्याने जाणाऱ्यांसाठी

वर्ध्याला संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस धरायची, सकाळी मुंबईत उतरायचे, जुहूहून हेलिकॉप्टरने समुद्रातील तेलाच्या प्लॅटफॉर्मवर जायचे, चौदा दिवस काम करून पुन्हा वावरात परतायचे, हा क्रम मी बरीच वर्षे पाळला. आता आमच्या तालुक्यातील आयटीआय आणि डिप्लोमा झालेली काही मुले याच कामावर निघाली आहेत, आणि निघण्यापूर्वी ती जे प्रश्न विचारतात त्यांत एक नेहमी असतो: तेल आणि पाणी वेगळे करण्याच्या टाकीवर, म्हणजे सेपरेटरवर, ड्यूटी लागली तर आधी काय शिकावे? माझे उत्तर ऐकून ती थोडी गोंधळतात, कारण मी त्यांना सेपरेटरकडे नव्हे, तर त्याच्या अलीकडच्या नळीकडे पाहायला सांगतो. पाणी बाहेर पडण्याच्या तोंडाशी दिसणारा बिघाड बहुधा समुद्रतळाशी, रायझरच्या, म्हणजे नळीच्या उभ्या भागाच्या, पायथ्याला जन्मलेला असतो, आणि तो तिथेच आवरला नाही तर पुढची सगळी यंत्रे केवळ त्याच्यामागे धावत राहतात.

विहिरींमधून येणारा माल हा निखळ तेल कधीच नसतो. तेल, पाणी आणि वायू एकाच नळीतून येतात. यालाच मल्टिफेज प्रवाह म्हणतात. समुद्रतळावरून आडवी आलेली पाइपलाइन प्लॅटफॉर्मच्या पायथ्याशी वळून सरळ वर चढते, त्या उभ्या भागाला रायझर म्हणतात. मुंबई हायचा शोध १९७४ मध्ये लागला, उत्पादन १९७६ मध्ये सुरू झाले, आणि तिथे समुद्राची खोली साधारण ७५ मीटर आहे. म्हणजे पायथ्यापासून डेकपर्यंत रायझर द्रवाने पूर्ण भरला तर नुसत्या त्या स्तंभाचाच दाब सात बारच्या आसपास जातो. जुन्या होत चाललेल्या कोणत्याही क्षेत्रात पाण्याचे प्रमाण वाढत जाते आणि वायूचा जोर कमी होतो. लोंढ्याला, म्हणजे नळीत द्रव साचून तो एकदम उसळून येण्याला, पोषक अशी परिस्थिती यातूनच तयार होते.

लोंढा कसा तयार होतो, हे कागदावर शिकण्यापेक्षा वावरात पाहिलेले बरे. मागच्या सुटीत मी भाच्याला घेऊन धुऱ्याजवळ एक नमुना मांडला, आणि तो मांडायला एक दुपार पुरली.

आधी घरी करून पाहा

एक इंची पारदर्शक नळी साधारण बारा मीटर घ्या. तिचा आठ मीटरचा भाग धुऱ्याच्या उतारावरून खाली आणा, सर्वांत खालचा बिंदू एखाद्या निंबाच्या बुंध्याशी ठेवा आणि तिथून उरलेली नळी झाडाला बांधून साडेतीन मीटर सरळ वर न्या. वरच्या टोकाला एक बॉल कॉक बसवा आणि पाणी ड्रममध्ये पडेल अशी सोय करा. उताराच्या वरच्या टोकाला टी (तीन तोंडांचा जोड) बसवून एका बाजूने छोट्या मोटारीचे पाणी कॉक आवळून मिनिटाला दोन लिटर सोडा. दुसऱ्या बाजूने हवा द्यायची आहे, पण कॉम्प्रेसरची नळी थेट टीला जोडू नका; मध्ये कॉक घ्या, त्यानंतर वीस-पंचवीस लिटरची एक सुस्थितीतील रिकामी टाकी आणि मग टी. ही टाकी म्हणजे समुद्रतळावरची किलोमीटरभर पाइपलाइन आहे असे समजा, कारण दाब साठवण्याचे काम तीच करते. टाकी वगळली तर प्रयोग फसतो. हवा मिनिटाला चार-पाच लिटर पुरे. ती मोजायची असेल तर लिटरची बाटली पाण्याने भरून बादलीत पालथी धरा आणि हवेने ती रिकामी व्हायला बारा ते पंधरा सेकंद लागतील इतका कॉक उघडा. रायझरच्या पायथ्याशी चौरस सेंटिमीटरला एक किलोपर्यंतचा दाब दाखवणारा प्रेशर गेज लावा. हवा चालू असताना वरचा कॉक पूर्ण बंद करू नका, ही एक अट काटेकोर पाळा.

मग काही न करता नुसते पाहत बसा. पायथ्याच्या वळणात पाणी साचते आणि हवेची वाट बुजते. मागे टाकीत हवा दाबली जाते, इकडे उभ्या नळीत पाणी चढत जाते आणि गेजचा काटा संथपणे ०.३५ किलोकडे सरकतो. या वेळी वरून जवळपास काहीच पडत नाही किंवा बारीक धार लागते. मग हवेचा दाब पाण्याच्या स्तंभाला भारी पडतो, हवेचा पहिला बुडबुडा वळण ओलांडून उभ्या नळीत शिरतो, त्याच्या वरचा स्तंभ हलका होतो, हलका झाल्यामुळे आणखी हवा शिरते, आणि काही क्षणांत सगळे पाणी भसकन ड्रममध्ये आदळते. काटा झटकन उतरतो, नळीच्या भिंतींना चिकटलेले पाणी परत खाली घरंगळते, वळण पुन्हा बुजते. आमच्या मांडणीत हे चक्र सुमारे दीड-दोन मिनिटांनी फिरत होते.

भाचा म्हणाला, "मामाजी, हे तं मोटारीनं हवा धरल्यासारखं झालं ना." दिसायला तसेच, पण कारण उलटे आहे. मोटारीत हवा बाहेरून घुसते आणि ती काढली की दोष संपतो. इथे हवा आणि पाणी दोन्ही सुरळीत आणि सारख्या गतीने येत आहेत, तरीही नळीच्या आकारामुळे आणि मागे साठणाऱ्या दाबामुळे प्रवाह आपोआप हेलकावे खातो. कुणी काही चुकीचे केलेले नसताना यंत्रणा बेभान होते, हे नव्या माणसाच्या पचनी पडायला वेळ लागतो.

"मग वरचा कॉक आवळून पाहू काय?" हा त्याचा पुढचा प्रश्न होता, आणि या विषयातील अर्धे शहाणपण त्यात आले. कॉक थोडा थोडा आवळत गेलो, प्रत्येक वेळी तीन-चार चक्रे थांबलो, आणि एका विशिष्ट ठिकाणी लोंढे थांबून पाणी-हवेची अखंड फेसाळ धार पडू लागली. याचे कारण असे की पाणी उसळून वेगाने निघू पाहते तेव्हा आवळलेल्या कॉकमधून जाताना त्याला वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात जास्त दाब मोजावा लागतो, त्यामुळे उसळी स्वतःच स्वतःला अडवते. त्या ठिकाणाहून कॉक जरा जास्त उघडला की लोंढे परत आले. ती सीमा खुणेने कॉकवर लिहून ठेवा. प्लॅटफॉर्मवर चोक व्हॉल्व्हच्या, म्हणजे रायझरच्या वरच्या टोकाशी प्रवाह आवळणाऱ्या व्हॉल्व्हच्या, बाबतीत हेच करायचे असते.

सेपरेटरचे यात काय बिघडते

आडव्या सेपरेटरमध्ये वायू वर जातो, पाणी तळाशी बसते, तेल मधल्या थरात तरंगते आणि बांधावरून पलीकडच्या कप्प्यात पडते. ही सारी करामत गुरुत्वाकर्षणाची, आणि गुरुत्वाकर्षणाला वेळ लागतो. १८५१ मध्ये स्टोक्स यांनी मांडलेल्या नियमानुसार थेंबाचा खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो आणि भोवतालच्या द्रवाच्या घट्टपणाप्रमाणे घटतो. तेल आणि पाण्याच्या घनतेत घनमीटरला १५० किलोचा फरक आणि तेलाची श्यानता (घट्टपणा) ५ मिलिपास्कल-सेकंद धरली, तर अर्ध्या मिलिमीटरचा पाण्याचा थेंब तेलातून सेकंदाला साधारण ४ मिलिमीटर उतरतो. तोच थेंब ०.१ मिलिमीटरचा असेल तर सेकंदाला जेमतेम ०.१६ मिलिमीटर.

आता समजा सेपरेटर तीन मीटर व्यासाचा, दहा मीटर लांबीचा आणि अर्धा भरलेला आहे. त्यात सुमारे ३५ घनमीटर द्रव मावतो. तासाला ६०० घनमीटर आवक असेल तर द्रवाला आत साडेतीन मिनिटे मिळतात आणि अर्ध्या मिलिमीटरचा थेंब तेवढ्या वेळात ८५ सेंटिमीटर उतरतो, म्हणजे ७० सेंटिमीटरचा तेलाचा थर तो आरामात पार करतो. लोंढ्यात आवक तिप्पट झाली की मिळतात सत्तर सेकंद, थेंब उतरतो तीस सेंटिमीटरही नाही, आणि पाणी तेलासोबत पुढे जाते. शिवाय लोंढा आत आदळताना बसलेले थर ढवळून काढतो, ते वेगळेच. सरासरी आवक पाहून कोणी "क्षमता तर पुरेशी आहे" असे म्हणत असेल, तर त्याने लोंढ्याच्या मिनिटातले गणित केलेले नाही.

प्लॅटफॉर्मवरचा क्रम

पहिले काम निदानाचे. कंट्रोल रूममध्ये पॅनेल ऑपरेटरला विनंती करून पाच गोष्टी एकाच पडद्यावर, एकाच वेळपट्टीवर मागवा: रायझरच्या पायथ्याचा दाब, चोकच्या आधीचा दाब, सेपरेटरमधील तेलाची पातळी, तेल-पाण्याच्या सीमेची म्हणजे इंटरफेसची पातळी, आणि पाण्याच्या आउटलेट व्हॉल्व्हची उघडझाप. किमान सहा तासांचा ट्रेंड, म्हणजे आलेख, पाहा. पायथ्याचा दाब करवतीच्या दात्यांसारखा संथ चढून एकदम कोसळत असेल आणि प्रत्येक कोसळण्यानंतर सेपरेटरची पातळी उडी मारत असेल, तर तो रायझरचा लोंढा आहे. आडव्या नळीत लाटा उठून तयार होणारे छोटे लोंढे सेकंदांत येतात-जातात, त्यांचा त्रास बहुधा सेपरेटर सोसतो. तिसरी शक्यता म्हणजे पातळी राखणारा लेव्हल कंट्रोलरच चुकीच्या ट्यूनिंगमुळे डोलत असतो. शिफ्ट इनचार्जच्या परवानगीने तो काही काळ मॅन्युअलवर ठेवला आणि रायझरचा दाब तरीही तसाच हेलकावत राहिला, तर दोष कंट्रोलरचा नाही. गॅस लिफ्टवरची, म्हणजे आत वायू सोडून तेल वर आणले जाते अशी, विहीरही स्वतःच्या चक्राने हेलकावू शकते, म्हणून कोणती विहीर चालू-बंद केल्यावर चक्र बदलले याच्या नोंदी लॉगबुकात शोधा.

ही पायरी गाळण्याची किंमत मी मोजली आहे. पहिल्या वर्षी इंटरफेस वर-खाली होताना पाहून मी लेव्हल कंट्रोलरचा गेन, म्हणजे त्याच्या प्रतिसादाचा जोर, वाढवण्याची गळ घातली, आणि माझे ऐकले गेले. पडद्यावरची पातळी सरळ रेषेत आली, मी खूश झालो, आणि तासाभरात समुद्रात सोडायच्या पाण्याचा नमुना गढूळ तपकिरी निघाला. पातळी स्थिर ठेवण्यासाठी पाण्याचा व्हॉल्व्ह प्रत्येक लोंढा जसाच्या तसा पुढे ढकलत होता. सेपरेटरला धक्का पोटात घ्यायची मुभा मी काढून घेतली होती.

दुसरे काम चोकचे. वावरातल्या नमुन्याप्रमाणेच चोक एक-दोन टक्क्यांनी कमी करायचा, तीन-चार पूर्ण चक्रे थांबायचे, लोंढ्याची उंची आणि कालावधी लिहायचा, मग पुढचे पाऊल. घाई केली तर आपण बदलाचा परिणाम पाहतो आहोत की आधीच्या चक्राचे शेपूट, हे कळत नाही. लोंढा थांबतो ती सीमा सापडते, पण या उपायाला दोन खर्च आहेत. एक, मागचा दाब वाढल्यामुळे विहिरी कमी देतात. दुसरा खर्च कमी लोकांच्या लक्षात येतो: आवळलेल्या चोकमध्ये दाब जितका जास्त पडतो तितके थेंब बारीक चिरडले जातात, आणि थेंब पाचपट बारीक झाला की बसण्याचा वेग पंचवीसपट घटतो, हे आपण वर पाहिलेच. घरी जवसाचे तेल आणि पाणी एका बाटलीत दहा वेळा हलवा आणि तेवढेच मिश्रण मिक्सरमधून अर्धा मिनिट फिरवा. पहिली बाटली थोड्या वेळात स्वच्छ रेघ दाखवते, दुसरी बराच वेळ दुधाळ राहते. चोक हा प्लॅटफॉर्मवरचा मिक्सर आहे.

म्हणून तिसरे काम, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे: चोक स्थिर न ठेवता त्याला दाबाच्या हेलकाव्याविरुद्ध हलवणे. पायथ्याचा दाब ठरवलेल्या मूल्याच्या वर जाऊ लागला, म्हणजे रायझरमध्ये द्रव साचतो आहे, तर चोक थोडा उघडायचा. दाब खाली जाऊ लागला, म्हणजे वायू घुसून स्तंभ हलका होतो आहे, तर थोडा मिटायचा. भाच्याने गेजकडे पाहत हाताने कॉक फिरवून हे करून पाहिले आणि पाचव्या-सहाव्या प्रयत्नात त्याने खुणेच्या पलीकडे, जास्त उघड्या कॉकवर, धार काही वेळ अखंड ठेवली. लक्ष जरा हटले की लोंढा परत येई. प्लॅटफॉर्मवर हे काम पीआय कंट्रोलर (आपोआप दुरुस्ती करत राहणारा नियंत्रक) न थकता करतो. फायदा दुहेरी: सरासरीने चोक जास्त उघडा राहतो, त्यामुळे उत्पादनही टिकते आणि थेंबही कमी चिरडले जातात. युरोपच्या उत्तर समुद्रात हॉड ते वालहॉल या पाइपलाइनवर असे नियंत्रण २००० च्या सुमारासच वापरात आले होते, तेव्हा ही काही प्रयोगशाळेतली हौस नव्हे.

ते सुरू करताना काही पथ्ये आहेत. कंट्रोलर नेहमी शांत स्थितीत, म्हणजे आवळलेल्या चोकवर, चालू करावा; लोंढे चालू असताना तो ऑटोवर टाकला तर तो स्वतःच गोंधळतो. दाबाचे ठरवलेले मूल्य मग अगदी बारीक पावलांनी खाली आणावे, कारण जितके खाली जावे तितकी यंत्रणा आवरायला अवघड होते आणि एका मर्यादेनंतर कोणताही कंट्रोलर हात टेकतो. चोकचा अ‍ॅक्च्युएटर (व्हॉल्व्ह हलवणारे यंत्र) चपळ हवा. एक टक्का हलायला अर्धा मिनिट घेणाऱ्या व्हॉल्व्हकडून ही अपेक्षा ठेवू नये. पायथ्याला सेन्सरच नसेल तर वरचा दाब आणि चोकमधील प्रवाह दोन्ही मिळून वापरावे लागतात. एकट्या वरच्या दाबावर विसंबणे धोक्याचे, कारण चोक हलवल्यावर तो आधी उलट्या दिशेने जातो आणि कंट्रोलरची दिशाभूल करतो.

चौथे काम सेपरेटरच्या पातळ्यांचे. रायझर शांत झाल्यावरही थोडे चढउतार उरतात, ते पोटात घेण्यासाठीच टाकी मोठी केलेली असते. पातळीला, उदाहरणार्थ, ४० ते ६० टक्क्यांत मोकळे फिरू द्या, गेन कमी आणि इंटिग्रल (साचत गेलेल्या फरकाला दिलेला प्रतिसाद) संथ ठेवा, आणि व्हॉल्व्ह हळू हलतो आहे ना यावर लक्ष ठेवा. मात्र हाय-लेव्हल आणि लो-लेव्हल ट्रिप (पातळी हद्दीबाहेर गेली की यंत्रणा आपोआप थांबवणारी सोय) कोणत्याही सबबीखाली बायपास करू नका. ट्यूनिंग बदलण्यासाठी लेखी परवानगी लागते आणि ती घ्या.

इंटरफेसच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, हेही इथेच सांगतो. तेल आणि पाण्याच्या मध्ये इमल्शनचा (एकमेकांत मिसळून लवकर न सुटणाऱ्या तेल-पाण्याचा) जाड पट्टा असेल तर पातळी मोजणारा डिस्प्लेसर एक आकडा दाखवतो, रडार दुसरा, आणि टाकीच्या बाजूची काच, म्हणजे साइट ग्लास, तिसरे काहीतरी. टाकीच्या बाजूला वेगवेगळ्या उंचीवर नमुन्याचे कॉक असतील, तर शिफ्टमध्ये एकदा प्रत्येकातून थोडे काढून काचेच्या बाटल्या क्रमाने मांडा. खालून वर पाणी, मळकट लगदा, तेल असा क्रम डोळ्यांना दिसतो आणि लगदा किती उंचीचा आहे हे कळते.

पुढे पाणी हायड्रोसायक्लोनमध्ये जाते. त्यात पाणी भोवऱ्यासारखे फिरते, जड पाणी कडेला आणि हलके तेल मधोमध येऊन मागच्या बारीक छिद्रातून निघते. हा भोवरा टिकायला प्रवाह एका पट्ट्यातच असावा लागतो; प्रवाह पडला तर भोवरा मंदावतो आणि तेल पाण्याबरोबरच सटकते. रिजेक्टकडच्या, म्हणजे तेल निघते त्या बाजूच्या, आणि पाण्याकडच्या दाबफरकांचे गुणोत्तर इथे नियंत्रित केले जाते. तुमच्या युनिटवर त्याचा पट्टा काय ठरला आहे ते विचारून वहीत लिहा, आणि आधीची चार कामे नीट झाली असतील तर इथे फारसे हात लावावे लागत नाहीत.

रसायनांबद्दल थोडक्यात. डीइमल्सिफायर (इमल्शन फोडणारे रसायन) उपयोगी आहे, पण त्याचा पंप ठरावीक मात्रा देतो आणि लोंढा मात्र तिप्पट येतो. म्हणजे लोंढ्यात डोस कमी पडतो आणि रिकाम्या वेळात जास्त होतो, आणि जास्त झालेला डोस कधी कधी इमल्शन उलट घट्ट करतो. लोंढा आवरण्यापूर्वी डोस वाढवण्याची सूचना आली तर नम्रपणे ट्रेंड पुढे करावा.

राहिला प्रश्न, सगळे जमले की नाही हे ओळखायचे कसे. भारतात समुद्रात सोडायच्या या पाण्यात तेलाचे प्रमाण ९५ टक्के निरीक्षणांत लिटरला ४० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये आणि कधीही १०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असा नियम आहे. पण नमुना दर सहा तासांनी घड्याळ पाहून घेतला आणि लोंढा चाळीस मिनिटांनी येत असेल, तर दिवसाचे चारही नमुने दोन लोंढ्यांमधल्या शांत वेळेचे निघू शकतात आणि कागद स्वच्छ दिसतो. म्हणून अधिकृत नमुन्यांशिवाय स्वतःच्या अभ्यासासाठी एका चक्रात तीन बाटल्या भरा: पायथ्याचा दाब चढत असताना एक, तो कोसळल्यावर लगेच एक, आणि सेपरेटरची पातळी परत बसू लागल्यावर एक. प्रत्येकीवर वेळ मिनिटासह लिहा आणि प्रयोगशाळेच्या खिडकीत उजेडासमोर ओळीने ठेवा. चोकच्या पुढच्या पावलाआधी त्यांपैकी मधली बाटली हातात घेऊन पाहा.